मुंढ्याखालची ओल

१४ सप्टेंबर. नवरात्राची गर्दी सुरू व्हायच्या आत मापाच्या ब्लाऊजांचं गाठोडं निवडायला काढलं. दरवर्षी काढते. बायका नवीन कापडाबरोबर मापाला म्हणून अंगाला नीट बसणारं एक जुनं ब्लाऊज देतात, शिवलेलं नवीन घेऊन जातात आणि जुनं माझ्याकडे विसरतात. वर्षभरात चाळीस-पन्नास साठतात. कुठलं कुणाचं, हे मला चिठ्ठी न बघता कळतं. यंदा गाठोड्याच्या तळाशी ब्लाऊजाऐवजी फुलस्केप कागदाची एक पुडी निघाली. आत चंद्रकोरीच्या आकाराच्या दोन कापडी गाद्या. काम तसंच टाकून लिहायला बसले, कारण दिवाळी अंकवाल्यांचा दोनदा फोन येऊन गेला होता, "धंद्यातला एखादा अनुभव लिहा," म्हणून. सांगण्यासारखा माझ्याकडे हाच आहे.

डहाणू रोडला स्टेशनपासून पाच मिनिटांवर माझं लेडीज टेलरचं दुकान आहे. एकोणतीस वर्षं झाली. दोन मशिनं, एक ओव्हरलॉक, कापायचं टेबल आणि वर पत्र्याखाली पोटमाळा. माहेर चिखल्याचं. घरची चिकूची वाडी होती आणि मला वाडीत राबायचं नव्हतं, म्हणून शिवण शिकले. यापेक्षा मोठं कारण नाही.

लोकांना वाटतं ब्लाऊज म्हणजे गळा. गळा कुणीही कापेल. ब्लाऊज बसतं किंवा फसतं ते मुंढ्यात. मुंढा म्हणजे बाही जिथे अंगाला जोडतात तो गोल. तो थोडा आवळला की बाईला हात वर करता येत नाही, सैल झाला की काखेत चुण्या पडतात. म्हणून माप घेताना माझं पहिलं वाक्य असतं, "हात वर करा." या गावातल्या बायकांच्या काखा माझ्याइतक्या कुणी बघितल्या नसतील. आणि मापाचं ब्लाऊज उलटं केलं की उरलेलंही कळतं. कुणाचं वजन उतरलंय, कोण उजव्या हाताने जास्त राबते, कुणाला दिवस गेलेत आणि घरात अजून सांगितलेलं नाही. वाढवणची एक मासेवाली माझ्याकडून ब्लाऊजाला आतून खिसा शिवून घेते. तो कुठल्या बाजूला असतो ते तिला आणि मला ठाऊक, तिच्या नवऱ्याला नाही. यातलं एक अक्षर मी दुसरीकडे बोलत नाही. तोंडाने सैल असलेली टेलर एका सीझनमध्ये दुकान बंद करते.

सगळ्यात आधी दिसतो तो घामाचा डाग. मुंढ्याखाली अर्धगोल, पिवळट, कापड कडक झालेलं. समुद्राकाठची हवा आहे, थोडा सगळ्यांनाच असतो. पण काही जणींचा घाम हवेवर अवलंबून नसतो. थंडीत, पंख्याखाली, नुसतं बसल्या बसल्या धार लागते. मला हे माहीत आहे कारण मी त्यातलीच. अठराव्या वर्षापासून. माप घेताना छातीभोवती टेप फिरवायची म्हणजे गिऱ्हाइकाला जवळजवळ मिठीच मारावी लागते. त्या धंद्यात हे दुखणं. म्हणून मी कायम काळं नाहीतर चॉकलेटी घालते आणि आत गाद्या.

या गाद्या माझ्या स्वतःच्या डोक्यातून आल्या. जुन्या सुती धोतराचे चार पदर, एका बाजूला फ्लॅनेल, चंद्रकोरीच्या आकारात कापून मुंढ्याला टिचबटणांनी लावायच्या. काढता येतात, धुता येतात, बाहेरून दिसत नाहीत. मी त्या कधी कुणाला विकायला ठेवल्या नाहीत. जिच्या ब्लाऊजावर तसा डाग दिसे, तिला नवीन ब्लाऊज देताना आत लावून देई, बोलत काहीच नसे. पुढच्या खेपेला ती स्वतः मागे. मला याचा अभिमान होता. आजही थोडा आहे.

चेतना माझ्याकडे अशीच आली. तलासरीच्या पुढच्या एका पाड्यावरची वारल्यांची मुलगी. आईबाप थोडी भातशेती करतात, बाकीचे दिवस दुसऱ्यांच्या वाडीत मजुरीला जातात. ही घरातली पहिली शिकलेली, जिल्हा परिषदेच्या शाळेत मास्तरीण झाली, तीसुद्धा शिक्षणसेवक म्हणून. म्हणजे तीन वर्षं काढली आणि शेरा चांगला आला तर नोकरी कायम. पहिल्या वर्षी पाच ब्लाऊजं शिवायला आली. पाचही काळी.

"शाळेत काळं चालतं?" मी विचारलं.

"मला चालतं," ती म्हणाली.

मापाचं ब्लाऊज उलटं केलं आणि पुढे काही विचारलं नाही. पाचांतही गाद्या लावून दिल्या. महिन्याने आली ती पेढे घेऊन. त्यानंतर तीन वर्षं तिच्या सगळ्या ब्लाऊजांत गाद्या. हळूहळू बोलू लागली. मास्तरणीला दिवसभर हात वर करून फळ्यावर लिहावं लागतं आणि चौथीची पोरं तेवढंच बघतात. एक दिवस फळ्याकडे पाठ करून वळली तर मोगी नावाची पोर शेजारणीला सांगत होती, "बाईंच्या काखेत बोअर लागलीय." त्या पाड्यावर उन्हाळ्यात पाण्याचा टँकर येतो. बोअरला पाणी लागणं ही तिथे मोठीच गोष्ट. वर्ग खिदळला. चेतनाने तेव्हापासून फळ्यावर कोपराच्या वर हात न्यायचा सोडला. फळ्याच्या खालच्या अर्ध्या भागातच लिहायची. पोरं मागून उभी राहून वाचायची.

औषधाचं रोलऑन वापरून झालं होतं, त्याने काखेत पुरळ उठलं. आईला सांगितलं तर आई म्हणाली, "वाडीत कामाला अस्तीस तं कलला पण नसता. सावलीत बसून घाम मोजाया येळ भेटतो तुला."

गेल्या वर्षी ऑक्टोबरात ती एका दुपारी आली आणि कापड न काढताच बसली.

"काकी, नोव्हेंबरात माझा आदर्श पाठ लावलाय."

आदर्श पाठ म्हणजे काय ते तिने मला समजावलं. महिन्यातून एकदा आसपासच्या शाळांचे शिक्षक एका शाळेत जमतात. त्यांच्यासमोर एकाने वर्ग घेऊन दाखवायचा. तीस-चाळीस शिक्षक मागे बसून बघतात. तिने दोनदा आजारी असल्याचं सांगून टाळलं होतं. आता मुख्याध्यापकांनी स्पष्ट सांगितलं होतं की तिसऱ्यांदा टाळलं तर शेऱ्यात लिहीन. तीन वर्षं डिसेंबरात भरत होती.

"मग घे की पाठ. नव्या जाड गाद्या देते."

"तीस माणसं मागून हातच बघणार, काकी. मी अर्ज लिहिलाय." तिने पर्समधून फुलस्केप कागद अर्धा बाहेर काढला आणि परत आत सारला. "राजीनाम्याचा. पण त्याआधी एक करून बघणार आहे."

स्टेशनजवळ एका दवाखान्यात दर पंधरवड्याला मुंबईची त्वचेची डॉक्टर येते, तिला ती दाखवून आली होती. काखेत इंजेक्शनं घ्यायची. घामाच्या ग्रंथींना मेंदूकडून जो निरोप जातो तो ते औषध काही महिने अडवून धरतं. कायमचं नाही, सहा-आठ महिन्यांनी परत घ्यावं लागतं. परिणाम दिसायला चार दिवस ते दोन आठवडे. चेहऱ्याच्या सुरकुत्यांना बायका घेतात तेच औषध. महागडं होतं, तिने त्यासाठी साठवलं होतं.

"घरी कुणाला सांगितलेलं नाही. तुम्ही बरोबर याल?"

मी हो म्हटलं. खरं सांगायचं तर मला राग आला होता. तीन वर्षं मी तिच्या गाद्या शिवत होते, वर्गातली पोरं सोडली तर कुणाला काही कळलं नव्हतं आणि आता हिला इंजेक्शन हवं होतं. पण राग मी गिऱ्हाइकाला दाखवत नाही.

आता माझी चूक. दवाखान्यात जायच्या आदल्या दिवशी तिचा फोन आला की सकाळी किती वाजता येऊ. मी वेळ सांगितली आणि वर म्हटलं, "आंघोळ करून तुरटी चोळून ये. आज संध्याकाळी एकदा आणि उद्या सकाळी एकदा. चांगली घासून. अशी घामाघूम होऊन कुणी डॉक्टरकडे जातं का?" हे मी गेली कित्येक वर्षं प्रत्येक नवरीला सांगत आलेय. शालू अंगावर चढवायच्या आधी काखेत तुरटी, की दोन-तीन तास निश्चिंत.

"दोन दिवस काखेत काही लावू नका म्हणाल्या होत्या," चेतना म्हणाली.

"ते क्रीम-बीम. तुरटी म्हणजे काय लावणं झालं? घरातली वस्तू."

तिने ऐकलं. माझं सगळ्याच ऐकतात.

दवाखान्यात एसी होता. डॉक्टरीण चाळिशीची, माझ्यासारखीच घाईची. चेतनाला पाठीवर निजवलं, हात डोक्याखाली घ्यायला सांगितले. मी कोपऱ्यात स्टुलावर. आधी एक चाचणी असते. काखेत आयोडीन फासतात, तपकिरी. ते वाळलं की वर मक्याचं पीठ भुरभुरतात. जिथे घाम फुटेल तिथे आयोडीन आणि पीठ ओलं होऊन एकमेकांत मिसळतं आणि निळं-काळं होतं, जांभूळ फुटल्यासारखं. त्यावरून कळतं की सुई कुठे कुठे द्यायची. कापड कापण्याआधी आपण खडूने खुणा करतो, तसंच.

दहा मिनिटं आम्ही तिघी त्या काखांकडे बघत बसलो. तपकिरी ते तपकिरी, पांढरं ते पांढरं. डाव्या बाजूला तीळभर दोन ठिपके उमटले, उजवीकडे एकही नाही.

डॉक्टर वाकून बघत म्हणाली, "दोन दिवसांत काही लावलं होतं?"

चेतनाने मान वळवून माझ्याकडे बघितलं. मी तोंड उघडलं नाही.

"नाही," चेतना म्हणाली.

"मग इथे इंजेक्शन देण्यासारखं मला काही दिसत नाही. खुणांशिवाय मी सुई लावत नाही, औषध वाया जाईल आणि तुमचे पैसेही. कधी कधी असतो त्यापेक्षा घाम मनात मोठा होतो. पंधरा दिवसांनी पुन्हा बघू."

पंधरा दिवसांनी इंजेक्शन घेतलं असतं तर गुण येण्याआधीच पाठाचा दिवस उजाडला असता. चेतनाने कापसाने काखा पुसल्या, कपडे नीट केले, नमस्कार केला. जिन्यात येऊन थांबली. राजीनाम्याचा कागद काढला आणि घडी उलगडून वाचू लागली, जणू कुणा दुसऱ्याने लिहिलेला आहे.

"मनात म्हणे," ती म्हणाली. "तीन वर्षं मी मनातला घाम पिळून वाळत घातला."

मी कठड्याला धरून उभी होते आणि माझ्या गाद्या ओल्या झाल्या होत्या. तो सगळा वेळ मी काय विचार करत होते ते सांगते, कारण खोटं लिहायचं तर लिहायचं कशाला. मी विचार करत होते की डॉक्टरला सांगितलं तर ती मला अडाणी म्हणेल. बस. तेवढंच.

मग वर गेले. आत पेशंट होता तरी दार ढकललं.

"मॅडम, तुरटी मी लावायला सांगितली होती. काल एकदा, आज एकदा. ती नको म्हणत होती."

डॉक्टरने पेन खाली ठेवलं. "तुम्ही कोण?"

"तिची टेलर."

"टेलर." ती थोडी हसली, मग हसणं गेलं. "मावशी, दुकानात घाम थांबवायचं जे काही मिळतं त्यात या तुरटीचीच भावंडं असतात. तुम्ही घामाच्या वाटाच बुजवल्यात. आणि वर ही खोलीही थंड." घड्याळाकडे बघितलं. एक वाजत होता. "साबणाने दोनदा स्वच्छ धुवा. घाम आला तर साडेचारच्या आत आणा. पाचला मी निघते."

आम्ही दुकानात आलो. मोरीत तिला पाठवलं, गरम पाणी दिलं. दोनदा धुऊन आली. मग तिचं गाद्यांचं काळं ब्लाऊज बाजूला ठेवलं, गाठोड्यातलं एक फिकं, बिनगाद्यांचं घालायला दिलं आणि तिला पोटमाळ्यावर नेलं. ऑक्टोबरची दुपार, डोक्यावर पत्रा, पंखा बंद. हातात इस्त्री दिली आणि पुढे दिवाळीची तयार झालेली ब्लाऊजं टाकली. तिने नऊ ब्लाऊजांना इस्त्री केली. कपाळावर घाम, मानेवर घाम, ओठावर घाम. काखा ओलसर, पण ती रोजची धार नाही. मला तिच्या कपाळावरचा घाम बघून चीड येत होती. नको तिथे वाहत होता.

तीन वाजले. सव्वातीन.

त्या वेळी शेजारच्या भांड्यांच्या दुकानातल्या हंसाबेन आपलं ब्लाऊज न्यायला आल्या, आणखी दोन गिऱ्हाइकं बाकावर बसलेली होती. आणि मला सुचलं. हिचा घाम उन्हाचा नाहीच. फळ्याचा आहे.

मी तिला खाली बोलावलं. कपड्याचं कपाट गडद निळ्या पत्र्याचं आहे, त्याचं दार पुसलं, हातात शिवणाचा पांढरा खडू दिला. "तुझा तो पाठ इथे घे. आत्ता."

"इथे? यांच्यासमोर?"

"यांच्यासमोर. वर लिहायचं, कपाटाच्या अगदी वर. हात खाली आणायचा नाही."

"मी नाही करणार, काकी."

"मग अर्ज नेऊन दे. लिहिलेला आहेच."

ती माझ्याकडे अशी बघत राहिली की मला वाटलं खडू फेकून निघून जाईल. हंसाबेननी विचारलं, "काय गं बेन, सु चाललंय?"

"परीक्षा आहे तिची. तुम्ही पोरं व्हा."

"मी तर पाचवीत बे वार नापास," हंसाबेन म्हणाल्या आणि बाकावर बसल्या. "चाल, शिकव."

विषय अपूर्णांक होता. चेतनाने कपाटावर वर एक पट्टी काढली, तिचे चार भाग केले. म्हणाली, हे एक मीटर कापड समजा, यातलं पाऊण वापरलं तर किती उरलं? हंसाबेन म्हणाल्या, "पाव. पण टेलर ते परत नथी देत, ते पण लिही." बाकावरच्या हसल्या. चेतना बावरली, चुकीचा आकडा लिहिला, पुसला, परत लिहिला. हंसाबेनना आता रंग चढला होता. "अने पावातला अर्धा? बोल, बोल. हात खाली नको घेऊ, तुझी काकी बघते."

चेतनाचा हात वर होता आणि मी तिच्या मागे उभी राहून बघत होते. आधी शिवणीवर एक काळसर रेघ आली. मग ती पसरली. पाच मिनिटांत दोन्ही बाजूंना भाकरीएवढे गोल ओले झाले. एकोणतीस वर्षांत घाम बघून मला आनंद झाला तो तेवढाच. तिने वळून माझ्याकडे बघितलं. डोळ्यांत पाणी होतं आणि रागही होता. तो राग मला मिळायलाच हवा होता.

"चल," म्हटलं. "रिक्षा बोलावते."

चारला दहा मिनिटं कमी असताना आम्ही परत दवाखान्यातल्या टेबलाशी होतो. आयोडीन, पीठ. या वेळी दहा मिनिटंही लागली नाहीत. एक ठिपका, दहा, शंभर, आणि ठिपके एकमेकांत वाहून दोन्ही काखा दौतीत बुडवल्यासारख्या झाल्या. डॉक्टर चेतनाला म्हणाली, "मनातला म्हटलं ते मागे घेते." मग पेनने त्या डागावर बोटभर अंतराने खुणा केल्या आणि मला म्हणाली, "तुम्ही टेलर ना? बघा, अंतर सारखं आहे का?"

मी बघितलं. एक खूण बाहेर गेली होती, ती दाखवली. तिने सरकवली.

सुई केसासारखी बारीक. एकेका बाजूला पंधरा-सोळा वेळा. बर्फ लावला होता तरी चेतना प्रत्येक टोचणीला पायाची बोटं आवळत होती. मी तिचं मनगट धरून बसले होते. वीस मिनिटांत झालं. आज चोळू नका, व्यायाम नको, एवढंच सांगितलं. निघताना डॉक्टर माझ्याकडे वळली, "आणि मावशी, पुढच्या वेळी कुणाला आणाल तेव्हा तशीच आणा." माझ्या चॉकलेटी ब्लाऊजाकडे तिची नजर क्षणभर थांबली होती का, ते मला नक्की सांगता येणार नाही. मी हात अंगाशी घट्ट धरले होते.

नंतरचे दिवस वाईट गेले. चेतना रोज फोन करायची. चौथ्या दिवशी काही नाही. सहाव्या दिवशी डावी काख कोरडी. नवव्या दिवशी डावी कोरडी, उजवी ओली. डॉक्टरला फोन केला तर म्हणाली पंधरा दिवस थांबा. पाठ सोळाव्या दिवशी. माझी झोप उडाली होती, आणि मी अशी बाई आहे की माझी झोप कधी उडत नाही. तुरटी राहिली असेल का, कुठली खूण चुकली असेल का, मी सरकवायला लावलेली तीच खूण तर चुकली नसेल?

बाराव्या दिवशी ती पाठासाठी ब्लाऊजाचं कापड घेऊन आली. फिकट आकाशी. आकाशीवर पाण्याचा एक थेंबही लपत नाही.

"काळं घाल," मी म्हटलं. "एवढा एकच दिवस."

"आकाशीच. आणि काकी, गाद्या नकोत."

"उजवी कशी आहे?"

"बरी आहे," ती म्हणाली. म्हणजे पुरती कोरडी नव्हती.

मी बरं म्हटलं. आणि शिवताना अस्तर आणि कापडाच्या मध्ये दोन्ही बाजूंना गाद्या घातल्या. टिचबटणं नाहीत, सरळ आत शिवून टाकल्या, कडा इतक्या बारीक की हाताला लागू नयेत. आयुष्यात इतकं सफाईचं काम मी क्वचित केलं असेल. तिला सांगितलं नाही.

पाठाच्या दिवशी मी सकाळपासून काम करत होते आणि काहीच धड होत नव्हतं. एका ब्लाऊजाला उजवी बाही डाव्या मुंढ्यात बसवली, उसवली, आणि परत तशीच बसवली. अकरा वाजले तेव्हा म्हटलं, आता फळ्याशी असेल. बारा वाजता फोन नाही. दोन वाजता नाही. मी केला तर उचलला नाही. हंसाबेन दोनदा डोकावून गेल्या, "पेली छोकरी पास झाली?"

संध्याकाळी पाचच्या सुमाराला चेतना आली. आकाशी ब्लाऊज अंगावर. तिने टेबलावर कागदाची एक पुडी ठेवली.

"तुमच्या गाद्या."

मी पुडी उघडली. उसवलेल्या दोन चंद्रकोरी, दोऱ्यांची टोकं लोंबत होती.

"कधी उसवल्यास?"

"पाठाच्या आधी. शाळेच्या कोठीत जाऊन, हस्तकलेच्या कात्रीने."

"हाताला लागायला नको होत्या. मी नीट शिवल्या होत्या."

"हाताला नाही लागल्या. हात वर केला की काख जड वाटते, काकी. तीन वर्षं मी त्याच घालतेय, मला कळणार नाही?" मग म्हणाली, "तुम्हाला वाटलं होतं की होणार नाही."

मी गाद्यांची लोंबणारी टोकं तोडत राहिले.

"उजवी?" मी विचारलं.

तिने हात वर केला. मुंढ्याखाली रुपयाच्या नाण्याएवढा एक ओला ठिपका वाळत आला होता. डावीकडे काहीच नाही.

"पाठ कसा झाला?"

"एक उदाहरण विसरले. पण फळ्याच्या अगदी वरपासून लिहिलं. चाळीस मिनिटं." आणि एकदम तिला हसू फुटलं. "मध्येच मोगी उठून उभी राहिली. मागे सगळे शिक्षक बसलेले, मुख्याध्यापक बसलेले. मोठ्याने विचारते, 'बाई, बोअर आटली का?'"

"मग?"

"मी म्हटलं, हो, आटली. आता पाणी तू आण. सगळा वर्ग हसला. मास्तरांना काही कळेना. नंतर विचारत होते, शाळेत बोअर कधी मारली म्हणून."

ती चहा पिऊन तलासरीच्या गाडीला गेली. मी गाद्या परत गुंडाळायला कागद उलटा केला तर त्यावर तिच्या सुबक अक्षरात वर लिहिलं होतं, 'विषय : राजीनामा मंजूर होणेबाबत'. मधोमध कात्रीचा एक कट गेला होता.

पुडी तशीच ठेवली. तीन वर्षं मी तिला एकदाही म्हटलं नव्हतं की डॉक्टरकडे जाऊन ये. मला लपवता येत होतं, म्हणून लपवणं हाच उपाय मी सगळ्यांना शिवून दिला. त्यातल्या किती जणी अजून फळ्याच्या खालच्या अर्ध्यात लिहीत असतील, मला माहीत नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी कपाटातून एक पिस्ता रंगाचं ब्लाऊज काढलं. स्वतःसाठी हौसेने शिवून कधीच न घातलेलं. टिचबटणं काढून आतल्या गाद्या बाजूला केल्या आणि ते घालून दुकान उघडलं. साडेदहापर्यंत दोन्ही काखा भिजल्या, दुरून दिसाव्यात एवढ्या. पहिल्या हंसाबेन आल्या, आणखी एका ब्लाऊजाचं कापड घेऊन. माझ्याकडे बघितलं, परत बघितलं.

"अरे बेन, केटलो परसेवो!"

"हो," म्हटलं. "मला येतो घाम." गळ्यातली टेप काढली. "हात वर करा, मुंढा मोजायचाय."